तिळाएवढी सही

रात्री जेवणं उरकली की मी टेबल पुसून घेतो, त्यावर जुना पंचा अंथरतो, दिवा जवळ ओढतो आणि बोंडं मोजायला बसतो. ओकच्या झाडाची बोंडं. तांब्याच्या एका चकतीवर दाढीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड आहे, त्याने डोक्यावरून पांघरूण घेतलंय, आणि भोवती ओकच्या पानांची माळ. त्या माळेत बोंडं किती, यावरून ही चकती कोणत्या ठशातून निघाली ते ठरतं. "झाली का मोजून?" असं बायको आतून विचारते. हा प्रश्न विचारायला लागून तिला आता अकरा वर्षं झाली. उत्तराची अपेक्षा तिने कधीच सोडली आहे, पण विचारायचं सोडलेलं नाही.

ही चकती नाणं नाही, टोकन आहे. वेल्सच्या अँगल्सी बेटावर पॅरिस नावाचा डोंगर आहे (त्या दुसऱ्या पॅरिसशी त्याचं काही नातं नाही), तिथे तांब्याची मोठी खाण होती. त्या खाणीच्या कंपनीने १७८७ साली स्वतःची पेनी पाडली. एका बाजूला तो म्हातारा, म्हणजे तिथल्या जुन्या ड्रुइड पुरोहितांपैकी एक. दुसऱ्या बाजूला कंपनीची आद्याक्षरं आणि भोवती वचन, 'धारकास एक पेनी देऊ'. आणि कडेवर, हो, चकतीच्या कडेवर, लिहिलंय की हे पैसे लंडन, लिव्हरपूल किंवा अँगल्सीत मागितल्यावर मिळतील.

खाणीला पैसे पाडायची वेळ का यावी? तर राजाच्या टांकसाळीने तांब्याची नाणी पाडायचं १७७५ पासून जवळजवळ सोडूनच दिलं होतं. सोन्याकडे लक्ष, तांब्याकडे काणाडोळा. इकडे कारखाने निघत होते, शेकडो मजुरांना आठवड्याचा पगार द्यायचा होता, आणि खुर्दा नव्हता. जो होता त्यात खोटा इतका की खरा कोणता ते सांगणं अवघड. आपल्याला हे समजावून सांगायला नको. एसटीच्या कंडक्टरने तिकिटामागे पेनने 'साडेतीन रु.' लिहून दिलेलं आणि उतरताना ते मागायचं राहून गेलेलं, असं एखादं तिकीट प्रत्येकाच्या आयुष्यात आहे. वाण्याने सुट्ट्यांऐवजी हातावर ठेवलेली गोळीही आहे. फरक एवढाच की इंग्लंडातल्या व्यापाऱ्यांनी तिकिटामागे लिहिण्याऐवजी तांब्यावर कोरून घेतलं. आणि कोरून घ्यायचं म्हटलं की कोरणारा लागतो. माझा सगळा छंद त्या कोरणाऱ्यापाशी येऊन थांबतो.

मी चौतीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. डाय (म्हणजे ठसा), पंच, प्लास्टिकचे मोल्ड. आयुष्यभर पोलादात खड्डे केले, असं मी लग्नकार्यात ओळख करून देताना सांगतो. लोक हसतात, पण काम खरंच तेवढंच होतं. सुरुवातीला हाताने. पुढे स्पार्क इरोजनचं मशीन आलं, मग सीएनसी, आणि शेवटच्या काही वर्षांत मी हातात कोरणी घेऊन उभा राहिलो की नवी पोरं मोबाइलवर माझं शूटिंग करायची. म्युझियममधला माणूस बघावा तसं.

टोकनांपर्यंत मी सरळ रस्त्याने पोचलो नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलं की शिवराया मिळायच्या, अजूनही मिळतात. छत्रपतींच्या नावाचा तांब्याचा पैसा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', ओळींच्या मध्ये कधी दोन दांड्या, म्हणून दुदांडी. पेशवाईत टांकसाळी ठेक्याने दिलेल्या असत, ठसे स्थानिक कारागीर कोरत, चकत्या हातोड्याने ठोकत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण अक्षरं असलेली शिवराई मिळणं म्हणजे भाग्य. कुठे वेलांटी भलतीकडे गेलेली, कुठे 'त्र'चा आकार त्या कारागिराला जमेल तसा. मला त्या चुका आवडायच्या. अक्षरओळख बेताची असलेला कुणीतरी सोनार भट्टीपाशी उकिडवा बसून राजाचं नाव उलटं कोरतोय, हे मला दिसायचं. त्याचं नाव मात्र कुठेच सापडण्याजोगं नाही.

तर अशाच एका शिवरायांच्या ढिगात एकदा एक परकी चकती हाताला लागली. हाताला लागली असंच म्हणतो, कारण डोळ्यांआधी बोटांना कळलं. कंपासने काढल्यासारखी गोल, जाडी सगळीकडे सारखी, पाठ सपाट. भिंगाखाली एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं गाठोड्यावर मारायचं चिन्ह आणि १७९१ साल. दुसऱ्या बाजूला तराजू, त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत एक शब्द, 'अदल'. अदल म्हणजे न्याय. मुंबई इलाख्याचा पैसा. घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की मुंबईत चालायचा हा पैसा मुंबईत पाडलेलाच नव्हता. तो आला होता बर्मिंगहॅमहून, मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीतून, जिथे १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर नाण्यांचे प्रेस चालायला लागले होते. म्हणजे शनिवारवाड्यात सवाई माधवराव होते, नाना फडणीस होते, आपल्याकडे हातोड्याने शिवराई ठोकली जात होती, आणि त्याच दिवसांत वाफेवर ठोकलेला पैसा गलबतातून मुंबई बंदरात उतरत होता. दोन्ही पैसे मी शेजारी शेजारी ठेवले. त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे मुंबईची टांकसाळ उभी राहिली, फोर्टमध्ये, आज रिझर्व्ह बँकेच्या समोर आहे तीच. १८२९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा यंत्रंही बोल्टनच्या सोहोचीच होती. तो वेगळा विषय. मी मात्र सोहोत अडकलो आणि सोहोच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत हरवलो. त्या काळी बर्मिंगहॅम म्हणजे बटणांचं, बकलांचं आणि असल्याच सगळ्या लहानसहान धातुकामाचं गाव. बटण ठोकायला डाय लागते, टोकन ठोकायलाही डायच. त्यामुळे सगळ्या देशाची टोकनं बहुतेक इथेच पाडली जात. आणि डाय कोरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यातला माझा पहिला गुरू जॉन ग्रेगरी हॅनकॉक. ओकच्या बोंडांचा तो ड्रुइड त्याचाच. पॅरिस खाणीच्या पेन्या २५० टनांच्या आसपास पाडल्या गेल्या. एवढा माल काढायचा तर एक डाय पुरत नाही. डाय फुटते, झिजते, नवी करावी लागते. टूलरूममधल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पोलाद आधी मऊ करून घ्यायचं, कोरायचं, मग तापवून पाणी द्यायचं. पाणी देताना जरा घाई झाली की महिनाभराच्या कामाला बारीक तडा जातो, आणि तो तडा पुढे प्रत्येक नाण्यावर उमटतो. जमा करणारे त्या तड्याच्या रेषेवरून कोणतं टोकन आधीचं आणि कोणतं नंतरचं ते सांगतात. तडा जसा लांबत जातो तसा मला तिथे उभा असलेला फोरमन दिसतो. अजून हजार निघतील, चालू दे, असं म्हणणारा. मी तो फोरमन ओळखतो. सगळ्या कारखान्यांत तोच असतो.

नवी डाय करताना कोरणारा सगळं पहिल्यापासून कोरत नाही. तोंडाचा एक पंच असतो, उठावाचा. तो मऊ पोलादात दाबला की तोंडाचा खड्डा तयार. पण माळ, पानं, बोंडं, अक्षरं पुन्हा हाताने बसवावी लागतात. प्रत्येक वेळी थोडी वेगळी. म्हणून तेवीस बोंडं की चोवीस हा प्रश्न वेड्यासारखा वाटला तरी त्यात एका माणसाचा एक दिवस असतो. त्या दिवशी त्याने एक बोंड कमी मारलं. का, ते कुणाला ठाऊक. जेवायची वेळ झाली असेल.

त्याच १७८७ साली हॅनकॉकने जॉन विल्किन्सनसाठीही डाय कोरली. विल्किन्सन लोखंडाचा कारखानदार. वॉटच्या इंजिनाचे सिलिंडर अचूक बोर करायचं मशीन या माणसाचं, त्यामुळे आमच्या धंद्यात त्याचं नाव आदराने घेतात. लोखंडाचं वेड एवढं की लोखंडी बोट बांधली आणि मेल्यावर लोखंडाच्याच पेटीत पुरून घेतलं. त्याने टोकनावर राजाच्या जागी स्वतःचं तोंड बसवलं. एका बाजूला गुबगुबीत विल्किन्सन, भोवती नाव आणि 'आयर्न मास्टर'. दुसऱ्या बाजूला घणाखाली लोखंड धरून उभा असलेला कामगार. नाणं म्हणजे राजा, ही ज्या देशाची सवय, तिथे एका लोहाराने खिशाखिशात आपलं थोबाड पोचवलं. लोकांनी टिंगल केली असेलच. मला त्या टोकनाची मागची बाजू आवडते. घण, भट्टी, आणि त्या माणसाचा वाकलेला खांदा. असा खांदा पाहिल्याशिवाय कोरता येत नाही.

हॅनकॉकची हौस एवढ्यावर थांबली नाही. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका कारखानदाराला वाटलं की नवीन झालेल्या अमेरिकेच्या नाण्यांचं कंत्राट आपल्याला मिळावं. त्याने नमुने पाठवले, ठसे हॅनकॉकचे, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनचं तोंड. अमेरिकेने ठरवलं की स्वतःची टांकसाळ काढायची आणि नाण्यावर जिवंत माणसाचं तोंड नको, स्वातंत्र्यदेवता हवी. कंत्राट गेलं. मग १७९२ सालच्या एका चकतीवर हॅनकॉकने वॉशिंग्टनला रोमन बादशहासारखं उघड्या खांद्यांनी, केसांना फीत बांधून दाखवलं. राजा व्हायचं नाही म्हणता ना, मग हे घ्या, अशी त्याची खोडी होती म्हणतात. ती चकती फार थोडी उरली आहे आणि ती घ्यायची तर मला भोसरीतला फ्लॅट विकावा लागेल. बायकोला हे मी गमतीत सांगितलं. तिने ते गमतीत घेतलं नाही.

हॅनकॉकचा मुलगा बापाच्याच नावाचा. दहाही वर्षांचा झालेला नसताना तो ठसे कोरायला लागला होता आणि त्याच्या नावासोबत त्याचं वयही कोरलं गेलं. मी सातवीत असताना वडिलांनी कानस हातात दिली होती, ते आठवलं. कानशीने लोखंडाचा चौकोन खरंच चौकोनी करायला मला दीड महिना लागला होता.

आता कुणी विचारेल, कोणतं टोकन कुणी कोरलं हे कळतं कसं? सगळ्यांवर सही नसते. असली तर तिळाएवढी, खांद्याच्या कापलेल्या कडेवर, नाही तर जमिनीच्या रेघेखाली. बहुतेक वेळा नाहीच. ऋण आहे ते चार्ल्स पाय नावाच्या माणसाचं. बर्मिंगहॅमचाच, आणि स्वतः तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा. त्याने टोकनांची चित्रं छापली, आधी १७९५ मध्ये आणि मग वाढवून १८०१ मध्ये. दुसऱ्या वेळी त्याने प्रत्येक टोकनासमोर चार गोष्टी लिहिल्या. मालक कोण, ठसा कुणी कोरला, ठोकलं कुणी, आणि किती. यातला दुसरा रकाना माझ्या मोलाचा. इप्सविचचा कापडवाला जेम्स कॉन्डर, ज्याच्या नावाने आज सगळी दुनिया या चकत्यांना कॉन्डर टोकन म्हणते, त्याची १७९८ ची यादी मोठी आहे, कामाची आहे. पण मी त्यांना मनात पायची टोकनं म्हणतो. कोरणाऱ्याचं नाव लिहायला दुसरा कोरणाराच लागला.

या गोष्टीला माझ्याकडे एक कारण आहे आणि ते सांगून टाकतो. नोकरीत असताना मी एका डब्याच्या झाकणाचा मोल्ड केला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला, कॅव्हिटीच्या (साच्यातल्या पोकळीच्या) नंबरशेजारी, मी एक बारीक 'श' कोरला. माझ्या नावाचं पहिलं अक्षर. दोन मिलिमीटर. कुणाच्या आयुष्यात काही फरक पडणार नव्हता. ट्रायलचा पहिला पीस साहेबांच्या टेबलावर गेला आणि त्यांच्या नजरेतून तो सुटला नाही. "हे काय आहे?" म्हणाले. मी काहीतरी बोललो. "घासून टाका." घासून टाकला. पॉलिश करून जागा इतकी साफ केली की तिथे काही होतं हे मलाही सापडू नये. त्यातून किती लाख झाकणं निघाली असतील. आमच्या स्वयंपाकघरात दोन आहेत, पोह्यांच्या आणि डाळीच्या डब्यांवर. अजूनही झाकण उघडलं की अंगठा आपोआप आतून त्या जागेवर फिरतो.

त्यामुळे डब्ल्यू डब्ल्यू ही दोन अक्षरं मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी चक्क मत्सर केला. तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाला काढायचा राणीछाप रुपया असेल आणि त्यावर १८४० साल असेल, तर भिंग घ्या आणि राणीच्या मानेची कापलेली कड पाहा. बऱ्याच रुपयांवर तिथे ती दोन अक्षरं सापडतात. विल्यम वायन. लंडनच्या शाही टांकसाळीचा मुख्य कोरणारा. हा विल्यम बर्मिंगहॅमचा. त्याचे वडील पीटर आणि काका थॉमस टोकनांच्या याच धंद्यातले, व्यापाऱ्यांच्या चकत्यांचे ठसे कोरणारे. थॉमसचा मुलगा, तोही थॉमस, अवघ्या तेविसाव्या वर्षी, १८१५ मध्ये, टांकसाळीचा मुख्य कोरणारा झाला आणि दोन वर्षांत वारला. विल्यमला ती जागा १८२८ मध्ये मिळाली. जगातलं पहिलं टपाल तिकीट, तो काळा पेनी, त्यावरचं राणीचं तोंडही त्याच्याच एका पदकावरून घेतलेलं. म्हणजे आपल्या आजीने हळदकुंकू वाहिलेल्या रुपयाचं मूळ कापडवाल्यांच्या आणि वाण्यांच्या टोकनांत आहे. मी वायन बंधूंची टोकनं त्यासाठी जमवतो. ती महाग नाहीत. झिजलेलं साधं टोकन आजही वीस-पंचवीस पौंडांत मिळतं. वर कुरिअर, वर कस्टम, वर बायकोचा चेहरा.

पण टांकसाळीतला माणूस आणि बाहेरचं टोकन यांचा सगळ्यात अस्वस्थ करणारा मेळ आहे जॉन मिल्टनचा. कवी नव्हे. हा शाही टांकसाळीतला साहाय्यक कोरणारा. सरकारी टांकसाळ तांब्याच्या बाबतीत हातावर हात ठेवून बसलेली होती त्याच काळात तिचाच हा माणूस खासगी टोकनांचे ठसे कोरत होता. हॅकनीच्या डेव्हिड रेबेलो नावाच्या हौशी संग्राहकासाठी त्याने खास टोकन कोरलं. ते बाजारात चालवायसाठी नव्हतंच, मित्रांमध्ये देण्याघेण्यासाठी होतं. मोजकीच पाडलेली. मी ती फक्त फोटोत पाहिली आहेत आणि फोटोतच पाहणार आहे.

माझ्याकडे आहे ती मिल्टनची दुसरी चकती. बार्बाडोसची १७८८ ची पेनी. तिथल्या सर फिलिप गिब्ज नावाच्या मळेवाल्याने करून घेतलेली. एका बाजूला अननस, खवलान् खवला मोजून घ्यावा असा. दुसऱ्या बाजूला एका आफ्रिकी माणसाचं तोंड. डोक्यावर मुकुट आणि त्यात तीन पिसं, इंग्लंडच्या युवराजाच्या चिन्हातली. खाली युवराजाचंच ब्रीद इंग्रजीत, 'आय सर्व्ह'. मी सेवा करतो.

युवराजाने म्हटलं तर ते नम्रतेचं वाक्य. उसाच्या मळ्यात विकत आणलेल्या माणसाच्या तोंडाखाली कोरलं की ते काय होतं? मळेवाल्यांना त्यात विनोद दिसला असावा. किंवा दिसलाच नसावा, जे जास्त वाईट. आणि माझी अडचण अशी की काम सुंदर आहे. गालाचं हाड, ओठांची कड, केसांच्या बारीक वळ्या. मिल्टनने टवाळीचा चेहरा कोरलेला नाही, माणसाचा कोरलाय. कोरणाऱ्याच्या हाताला माणूस दिसला आणि त्याच हाताने खाली ते दोन शब्द ठोकले. मी किती तरी वेळा ही चकती विकून टाकायचं ठरवलं. पुन्हा भिंगाखाली धरतो, आणि परत डबीत ठेवतो. आम्हीही टूलरूममध्ये ड्रॉइंग आलं की काम करत होतो. हे कशाचा भाग आहे, कुठे बसणार आहे, विचारायची पद्धत नव्हती.

या पेनीबाबत माझी फजितीही झालेली आहे. पहिल्यांदा मी ती ऑनलाइन घेतली, परदेशातल्या एका विक्रेत्याकडून. फोटो झकास. पाकीट आलं, चकती तळहातावर घेतली, आणि घेताक्षणी कळलं. हलकी होती. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, कडेला कानशीचे ओरखडे. ओतीव! ठोकलेली नव्हेच. ओतकाम आणि ठोकाई यातला फरक मी तीस वर्षं पोरांना शिकवला, आणि स्वतः फोटोला भुललो. पैसे परत मिळाले नाहीत. ती नक्कल मी टाकलेली नाही, खऱ्या पेनीच्या शेजारच्या डबीत आहे. मित्र आले की दोन्ही हातात देतो आणि ओळखा म्हणतो. निम्मे लोक खोटीच पसंत करतात, कारण ती कमी झिजलेली दिसते.

दुर्मिळ या शब्दाचं या छंदात फार कौतुक आहे, आणि माझं त्याच्याशी वाकडं आहे. १७९५ च्या आसपास इंग्लंडात टोकनं जमवायचं वेड लागलं. मग जे वेड्यांना हवं ते विकणारे आलेच. लंडनमध्ये हॉलबर्नच्या स्किडमोरसारखे लोक एका टोकनाची पुढची डाय आणि दुसऱ्याची मागची डाय जोडून भलतीच चकती ठोकायचे. वाघाच्या मागे चर्च, चर्चच्या मागे दुसरंच काही. पंचवीस-तीस काढायची आणि 'फार थोडी आहेत' म्हणून विकायची. त्याला खेचर म्हणतात, घोडा आणि गाढवाची अवलाद म्हणून. आज ही खेचरं यादीत 'अतिदुर्मिळ' म्हणून मिरवतात आणि लोक बोली लावतात. मला ती नकोत. कमी उरलेली वस्तू आणि कमी केलेली वस्तू यात मी फरक करतो. लाखाने पाडलेलं, दहा वर्षं बाजारात फिरलेलं, वितळवलं जाता जाता वाचलेलं एखादं टोकन माझ्या हाती आलं तर त्याला मी दुर्मिळ म्हणेन. हे मत लिलावाच्या मंडळींत फारसं खपत नाही.

अपवाद एक. थॉमस स्पेन्स. हा गरीब पुस्तकविक्या, जमीन सगळ्यांची असली पाहिजे असं सांगणारा, त्यापायी तुरुंग भोगणारा. त्यानेही टोकनं पाडली आणि डायांची हवी तशी अदलाबदल केली. नियमाप्रमाणे मी त्याला नावं ठेवायला हवीत. पण त्याच्या १७९६ च्या एका चकतीवर एक मांजर बसलेलं आहे आणि भोवती लिहिलंय, 'गुलामांमध्ये मी माझं स्वातंत्र्य उपभोगतो'. कोरणारा बहुधा चार्ल्स जेम्स, स्पेन्सचं बरंच काम त्याने केलं. ते मांजर आमच्या सोसायटीतल्या बोक्यासारखंच बघतं. बार्बाडोसच्या पेनीनंतर मी नेहमी हे मांजर काढून बसतो.

१७९७ मध्ये राजाने शेवटी काम बोल्टनलाच दिलं. सोहोतून पेनी आणि दोन पेनी निघाल्या, एक औंस आणि दोन औंस वजनाच्या, जाड काठाच्या, लोकांनी नाव ठेवलं गाडीचं चाक. ठसे क्युख्लर नावाच्या कोरणाऱ्याचे. टोकनांची गरज संपत आली. दोन पेनीचं नाणं तळहातावर ठेवलं की वाटतं खिसा फाटेल. छप्पन ग्रॅमच्या वर. आमच्या घरी ते मी पेपरवेट म्हणून वापरत होतो, तेवढ्यात दिवाळीच्या आधी आईने घासायची भांडी काढली आणि त्यात ते गेलं. चिंच, मीठ, राख. दोनशे वर्षांचा तपकिरी रंग अर्ध्या मिनिटात उतरला. आई म्हणाली, "केवढा कळंक चढला होता रे." लख्ख गुलाबी झालेला तिसरा जॉर्ज माझ्याकडे बघत होता. मी काय बोलणार? तांब्याचं भांडं तिने आयुष्यात तसंच ठेवलं नव्हतं. आता त्या नाण्याची किंमत शून्याजवळ आहे, आणि ते मी कधीच विकणार नाही, कारण आई गेल्याला चार वर्षं झाली.

मुलगी कॉव्हेंट्रीत असते. कॉव्हेंट्रीचं टोकन १७९२ चं, घोड्यावर लेडी गोडायव्हा आणि मागे पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती. जावयाने ते मला भेट दिलं, सासऱ्याला घोड्यावरची उघडी बाई द्यायची म्हणून बिचारा फार संकोचला होता. मुलीकडे गेलो तेव्हा बर्मिंगहॅमला जाऊन आलो. सोहोची टांकसाळ कधीच पाडली, बोल्टनचं घर तेवढं उभं आहे, हॅन्ड्सवर्थमध्ये. तिथे जायला सोहो रोडवर उतरायचं. उतरलो तर समोर साड्यांची दुकानं, जिलबीची कढई, भाजीवाल्याकडे गवार. मी कुठे आलोय हे दोन मिनिटं कळेना. मुंबईचा तो तराजूवाला पैसा मी खिशात घेऊन गेलो होतो. तो जिथे जन्मला तिथे त्याला परत एकदा फिरवून आणावं, असं काहीतरी डोक्यात होतं. नुसता खिशात हात घालून फिरलो आणि एका दुकानात समोसा खाल्ला.

तिथून आल्यावर डोक्यात आलं की आपणही एक टोकन करावं. रेबेलोने करून घेतलं, त्या काळच्या कितीतरी हौशी लोकांनी करून घेतलं, मग आपण तर स्वतः डाय कोरणारे. पंचवीस नगं, फक्त मित्रांना. एका बाजूला कोरणी आणि हातोडी, दुसऱ्या बाजूला नाव, देवनागरीत. जुन्या ओळखीतून पोलादाचा चांगला तुकडा मिळाला. गॅलरीत व्हाइस बसवला. सहा महिने नुसता तो तुकडा तिथे पडून होता, कबुतरं त्यावर बसायची.

गेल्या रविवारी सुरुवात केली. पहिलं अक्षर 'श'. हात थरथरतो आता, पण टेकू मिळाला की बसतो. साडेतीन तास लागले. गाठ चांगली उतरली, कान्याची दांडी सरळ, आडवी रेघ शेवटी हलकेच निमुळती केली. नातवाची प्लॅस्टिसिन घेतली, त्यावर तुकडा दाबला आणि उचलला.

'श' उलटा. आरशात बघावा तसा. मी अक्षर सुलटं कोरलं होतं. चौतीस वर्षांत ही चूक एकदाही केली नव्हती. त्या भट्टीपाशी उकिडवा बसलेल्या सोनाराचीही एवढी पाचावर धारण बसली नसेल.

बायको चहा घेऊन आली, प्लॅस्टिसिनकडे बघितलं, म्हणाली, "घासून टाका." मग स्वतःच थबकली, आणि कप ठेवून आत गेली.

तुकडा अजून व्हाइसमध्येच आहे. ग्राइंडर काढलेला नाही.